दगडातला मोर आणि चित्रकलेचा तास

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भागावर कोरलेला, आमच्या छायाचित्रातला हा मोर रोज लाखो प्रवाशांच्या डोक्यावर पिसारा फुलवून उभा असतो, परंतु गाडी गाठण्याच्या घाईत मान वर करून त्याच्याकडे पाहण्याची सवड क्वचितच कोणाला मिळते. अशा इमारतींची छायाचित्रे आम्ही काढतो आणि त्यांच्या विक्रीतून उरलेला पैसा मुलांच्या चित्रकलेच्या वर्गासाठी वापरतो.

एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार या इमारतीचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले आणि ते दहा वर्षे चालले. तिच्यावरची पाने, फुले, पशुपक्षी आणि लोखंडी जाळ्या यांतले बरेचसे काम सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. ही कलाशाळा १८५७ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभी राहिली. तेथेच शिल्पकला शिकवणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंग यांची उठावशिल्पे क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारांवर आजही दिसतात. मुंबईचे हे वैभव शिकाऊ मुलांनी घडवले आहे, आणि म्हणूनच त्याच्या छायाचित्रांच्या विक्रीतून येणारा पैसा आजच्या शिकाऊ मुलांकडे जावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

इमारतीचे छायाचित्र संयमाची परीक्षा पाहते. कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात आणि मनोरा मागे रेलल्यासारखा भासतो. म्हणून कॅमेरा पातळीत ठेवून शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न झुकवता वरखाली सरकवता येणारे भिंग, वर सरकवावी लागते. त्यानंतर वाट पाहायची ती उन्हाची. ऊन समोरून पडले तर कोरीव काम सपाट दिसते, आणि तेच भिंतीला घासत तिरपे आले तर मोराचे एकेक पीस दगडातून सुटे होते.

हे छायाचित्र सुती कागदावर, वर्षानुवर्षे न विटणाऱ्या पिगमेंट शाईत छापले जाते. एका चित्राच्या पंचवीसच प्रती काढायच्या आणि प्रत्येकीवर पेन्सिलने क्रमांक व सही करायची, असे आम्ही ठरवले आहे. प्रती मोजक्या असल्या की त्यांचे मोल टिकते, मात्र त्या संपल्या की मिळकतही थांबते, म्हणून पुन्हा नव्या इमारतीसमोर तिकाटणे उभे करावे लागते. किमतीतून कागद, छपाई आणि चौकटीचा खर्च वजा होतो. चौकट बहुधा छपाईहून महाग पडते, आणि हे ग्राहकाला आधीच सांगणे आम्हाला योग्य वाटते.

उरलेली रक्कम लागते ती अगदी साध्या गोष्टींना. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांसाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती यांचा सराव हवा, आणि सराव म्हणजे कागद, पोस्टर रंग, ब्रश, कंपास व चुका दाखवून देणारा शिक्षक. घरी जागा नाही, शाळेत चित्रकलेचा तास दुसऱ्याच विषयाला दिला जातो आणि रंगांची पेटी संपली की ती पुन्हा येत नाही, अशा मुलाचा हात तयार होण्याआधीच थांबतो. हे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेवर दिसत नाही.

या रविवारी वर्गातली मुले कागद लावलेल्या पाट्या घेऊन टर्मिनससमोरच्या पदपथावर बसली आहेत. त्यांना संकल्पचित्रासाठी पक्ष्याचा आकार हवा आहे, आणि सगळ्यांनी माना वर केल्या आहेत.