नवख्याच्या वाट्याची मिनिटं

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय आहे बास्केटबॉलमधली मिनिटं. गुण कोणी किती केले याची बातमी होते. मिनिटं कोणाला किती मिळाली हे मात्र तक्त्यातल्या बारीक आकड्यांत राहतं, आणि नवख्या खेळाडूचं बरंचसं भवितव्य त्याच आकड्यांत असतं.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा सामना ४८ मिनिटांचा, चार भागांत म्हणजे क्वार्टरमध्ये वाटलेला. मैदानात एका वेळी पाच जण. ४८ गुणिले ५, म्हणजे प्रशिक्षकाकडे वाटायला २४० मिनिटं. दोनशे चाळीस, हा आकडा ध्यानात ठेवा. पाच मुख्य खेळाडूंना ३६, ३६, ३४, ३२ आणि ३० मिनिटं दिली की १६८ संपली. उरली ७२. बाकावरून सर्वांत आधी उठणारा जुना खेळाडू २४ घेतो, त्याच्यानंतरचा २०, त्याच्यानंतरचा १६. हे झाले साठ. दोनशे चाळीसमधली उरली फक्त बारा, आणि ती नवख्याच्या वाट्याला. त्याला पंधरा द्यायची ठरवली तर तीन मिनिटं दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून काढावी लागतात. ज्याच्या ताटातून काढली, तो दुसऱ्या दिवशी सरावाला येणारच असतो. चांगला प्रशिक्षक त्याच्याशी आधी बोलतो.

ही बारा मिनिटं सहा-सहाच्या दोन तुकड्यांत द्यावीत. तीन-तीनचे चार तुकडे करू नयेत. बाकावर बसून अंग थंड झालेलं असतं, पहिलं दीड मिनिट दम लागण्यात आणि खेळाचा वेग पकडण्यात जातं. तीन मिनिटांत काढून घेतलं तर हाती काहीच लागत नाही. पहिला तुकडा पहिल्या क्वार्टरच्या शेवटाकडे सुरू करायचा आणि दुसऱ्यात न्यायचा, दुसरा तुकडा तिसऱ्याच्या शेवटी. दोन्ही वेळी मुख्य पाचांपैकी निदान एक जण त्याच्या सोबत मैदानात हवा.

आता १२ मे १९९७ ची रात्र ऐका. मिनिटांचा विषय निघाला की ही रात्र सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

कोबी ब्रायंट तेव्हा अठरा वर्षांचा होता. फिलाडेल्फियाजवळच्या लोअर मेरियन हायस्कूलमधून तो कॉलेजला न जाता थेट एनबीएत आला. नव्या खेळाडूंच्या १९९६ च्या निवडीत शार्लट हॉर्नेट्सने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतलं आणि व्लादे दिवाच या अनुभवी सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, बदल्यात लॉस एंजेलिस लेकर्सला दिलं. लेकर्समध्ये त्याच्या जागी आधीच एडी जोन्स होता, त्या वर्षीच्या ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या, सामन्यात खेळलेला. त्याच्या जोडीला निक व्हॅन एक्सेल. बाकावर छत्तीस वर्षांचा बायरन स्कॉट, ऐंशीच्या दशकात याच संघाबरोबर तीन विजेतेपदं जिंकलेला. प्रशिक्षक डेल हॅरिस. सांगा, दोनशे चाळीसमधून पोराला किती द्यायची? ३ नोव्हेंबर १९९६ ला मिनेसोटाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्याला सहा मिनिटं मिळाली आणि गुण शून्य. २८ जानेवारी १९९७ ला डॅलसविरुद्ध तो पहिल्यांदा सुरुवातीच्या पाचांत उतरला. हंगामाअखेरचा हिशेब असा: ७१ सामने, त्यातले फक्त सहा सुरुवातीपासून, सामन्याला सरासरी साडेपंधरा मिनिटं आणि ७.६ गुण. साडेपंधरा मिनिटं, हेही ध्यानात ठेवा.

प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद सामन्यांच्या, दुसऱ्या फेरीत समोर युटा जॅझ. कार्ल मलोन, जॉन स्टॉकटन, जेफ हॉर्नासेक, त्या हंगामात ६४ सामने जिंकलेला पक्का संघ. जॅझ मालिकेत तीन-एक पुढे आणि पाचवा सामना त्यांच्याच घरी, सॉल्ट लेक सिटीत. त्या रात्री हॅरिसच्या कागदावरची माणसं एकेक करून गळत गेली. मनगट मुरगळल्यामुळे बायरन स्कॉट सामन्याला नव्हताच. लेकर्सचा रॉबर्ट हॉरी हॉर्नासेकशी भिडला आणि पंचांनी त्याला बाहेर घालवलं. चौथ्या क्वार्टरची १ मिनिट ४६ सेकंद उरलेली असताना शाकील ओनीलचा सहावा फाऊल झाला. एनबीएत सहा फाऊल झाले की खेळाडू त्या सामन्यातून बाद. म्हणजे लेकर्सचा चेंडू अडचणीच्या वेळी ज्या माणसाकडे जायचा, तोच बाकावर.

गुण बरोबरीत. शेवटचा चेंडू लेकर्सकडे. आणि हॅरिसने सांगितलं, चेंडू कोबीला द्या. जोन्स मैदानात, व्हॅन एक्सेल मैदानात, तरी चेंडू अठरा वर्षांच्या पोराला. कारण माणूस अंगावर असताना स्वतःच्या बळावर फटक्यासाठी जागा काढणारा आता तोच उरला होता. त्याने ड्रिबल करत जागा काढली, वर उडाला, चेंडू सोडला. चेंडू रिंगला लागला नाही, फळीलाही लागला नाही. सरळ रेषेत गेला आणि रिंगच्या अलीकडेच खाली आला. एअर बॉल.

बरोबरी सुटली नाही म्हणून जादा वेळ, पाच मिनिटांचा. त्यात कोबीने तीन थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून मारायचे तीन गुणांचे फटके, मारले आणि तिन्ही एअर बॉल गेले. त्यातले दोन शेवटच्या मिनिटात, आणि त्या वेळी फटका पडला असता तर बरोबरी झाली असती. सामन्याच्या सर्वांत नाजूक वेळी एकूण चार फटके, चारही रिंगच्या अलीकडे. आठवलं की आजही पोटात कालवतं. जॅझ ९८, लेकर्स ९३. हंगाम संपला. त्या वेळी असे फटके घ्यायची हिंमत एवढ्या एकाच माणसात होती, असं शाकील नंतर म्हणाला.

हॅरिसवर पुष्कळ टीका झाली. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. त्याच्याआधीचे सहा महिने बघा. चारही चेंडू सरळ गेले, डावी-उजवीकडे एकही नाही. म्हणजे कोपर आणि मनगट बरोबर होतं. कमी पडलं ते अंतर, आणि फटक्याचं अंतर पायांतून येतं. थकलेला गुडघा पुरेसा वाकत नाही, उडी दोन बोटं खाली राहते, चेंडू अलीकडे पडतो. कोबीनेही पुढे हेच सांगितलं: शाळेत हंगामाला पस्तीसेक सामने, मध्ये विश्रांती, आणि इथे ब्याऐंशी सामने. पायच उरले नव्हते.

आता गणित करा. शाळेचा सामना ३२ मिनिटांचा. पस्तीस सामने पूर्ण खेळला तरी ११२०. लेकर्सकडून ७१ सामने गुणिले साडेपंधरा, साधारण ११००. घड्याळाची मिनिटं जवळपास तितकीच! पण ती नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत विमानप्रवासात, रोजच्या सरावात आणि दहा-दहा वर्षं मुरलेल्या गड्यांच्या अंगावर काढलेली. त्यातली बहुतेक बाकावरून उठून खेळलेली. म्हणून आधी पाहायचं मिनिटं कोणती होती, आणि मग मोजायचं किती होती. पुन्हा सांगतो: आधी कोणती, मग किती. बरोबरीचा सामना, शेवटची दोन मिनिटं, हातात चेंडू, ही मिनिटं नवख्याला डिसेंबर-जानेवारीतल्या साध्या सामन्यांत थोडी थोडी चाखवावी लागतात. ती मेमध्ये एकदम देता येत नाहीत.

त्याच रात्री संघ लॉस एंजेलिसला परतला आणि कोबी घरी न जाता पॅलिसेड्स हायस्कूलच्या जिममध्ये जाऊन फटके मारत राहिला. उन्हाळाभर वजनं उचलली. पुढच्या हंगामात हॅरिसने त्याला बाकावरूनच आणलं, ७९ पैकी एकच सामना सुरुवातीपासून, पण सामन्याला सरासरी मिनिटं झाली २६ आणि गुण १५.४. त्या हंगामात प्रेक्षकांच्या मतांनी तो ऑल-स्टार सामन्यात सुरुवातीच्या पाचांत होता आणि स्वतःच्या संघात मात्र बाकावर! मार्च १९९९ मध्ये एडी जोन्सची शार्लटला अदलाबदल झाली, ताट मोकळं झालं. कोबी जवळजवळ ३८ मिनिटं खेळू लागला. १४ जून २००० ला इंडियानामध्ये अंतिम मालिकेचा चौथा सामना जादा वेळेत गेला, शाकीलचा सहावा फाऊल पुन्हा झाला, आणि या वेळी कोबीने जादा वेळेत आठ गुण केले. लेकर्स १२०, पेसर्स ११८. ते पाय तीन वर्षांत तयार झाले होते.

इथे एक सांगून टाकतो, विषय थोडा बाजूला जातो. पाय तयार व्हायला मैदान लागतं. आपल्याकडे शाळेच्या बास्केटबॉल मैदानावर लग्नाचा मांडव घालतात, खांबांसाठी सिमेंटमध्ये भोकं पाडतात आणि ती तशीच ठेवून जातात. मुलांचे घोटे त्यात मुरगळतात. मैदान भाड्याने देणाऱ्यांनी निदान भोकं बुजवून घ्यावीत, आणि खरं तर तिथे मांडव घालूच देऊ नये.

बरं, शाळा-कॉलेजचे संघ चालवणाऱ्यांसाठी थोडक्यात. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियम, दहा मिनिटांचे चार क्वार्टर. म्हणजे वाटायला दोनशे चाळीस नाहीत, दोनशे. आणि फाऊल सहा नाहीत, पाच. नवख्याचे पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाऊल झाले की काढा. तिसरा दुसऱ्या क्वार्टरमध्ये झाला तर तो उरलेला सगळा वेळ हात राखून बचाव करतो आणि त्याच्यासमोरचा माणूस सुखाने गुण करतो.

नवख्याकडून काय बिघडतं तेही ठरलेलं आहे. समोरच्याने खोटा फटका दाखवला की तो उडतो आणि अंगावर पडतो. चेंडूकडे बघत राहतो, तेवढ्यात त्याचा माणूस पाठीमागून निसटून रिंगखाली जातो. स्क्रीन लागली, म्हणजे समोरच्या संघाचा गडी वाट अडवून उभा राहिला, की चांगल्या नेमबाजाला धरतानाही त्या गड्याच्या मागून वळसा घेतो आणि नेमबाजाला मोकळा फटका देऊन बसतो. या तीन चुकांची सरावात नोंद ठेवा, मिनिटं त्यावर वाढवा. गुणांवर वाढवू नका. एका सामन्याच्या प्लस-मायनसवर, म्हणजे तो मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे-मागे गेला त्या आकड्यावर, तर मुळीच नको, सोबत कोण खेळत होतं त्यावर तो आकडा हलतो.

दमला का हे त्याला विचारू नका, मिनिटं जातील म्हणून तो नाहीच म्हणणार. त्याचे फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर मिळणारे मोकळे फटके, बघा. रिंगच्या पुढच्या कडेवर आपटायला लागले की पाय संपलेत, बसवा. फ्री थ्रोचा सराव म्हणूनच शेवटी घ्यावा, दमल्यावर. ताज्या पायांनी मारलेले पन्नास फ्री थ्रो सामन्यात फारसे कामाला येत नाहीत. आपले निम्मे प्रशिक्षक सरावाची सुरुवातच त्याने करतात, ते मला कधी पटलेलं नाही.

आणि बदली करताना नेहमी एक घोळ होतो. खेळ थांबल्याशिवाय बदली मिळत नाही, आणि खेळाडूने स्वतः गुणलेखकाच्या टेबलाकडे जाऊन सांगावं लागतं. शिट्टी वाजल्यावर बाकावरून हाक मारली तर तो टी-शर्ट काढेपर्यंत संधी गेलेली असते. बदली हवी त्याच्या मिनिटभर आधी त्याला उठवा, दोनदा धावायला लावा, टेबलाजवळ बसवा, आणि जाताना एकच गोष्ट सांगा: समोर कितव्या नंबरच्या खेळाडूला धरायचं आहे.

नमस्कार.