'डी' कमी आला, पण पाकीट थांबवा

(दृश्य: ठाणे, गोखले रोड. औषधाच्या दुकानाचा काउंटर.)

व्हिटॅमिन डीचं ६०,००० युनिटचं पाकीट. आठवड्याला एक, दुधात घालून, आठ आठवडे. रिपोर्टमध्ये डी कमी दिसला की घरोघरी हाच उपाय. सार्कॉइडोसिसच्या रुग्णाला मात्र तो अंगाशी येऊ शकतो.

या आजारात प्रतिकारक पेशींच्या बारीक गाठी होतात, बहुतेकदा फुप्फुसांत आणि छातीतल्या लसिका ग्रंथींत. एरवी साठ्यातला डी सक्रिय करायचं काम मूत्रपिंडाचं, तेही गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या हुकमानं. गाठींतल्या पेशी ते परस्पर उरकतात. मग साठा घटतो, सक्रिय डी वाढतो आणि कॅल्शियम रक्तात, लघवीत उतरतं. नेहमीची तपासणी फक्त साठा मोजते. त्यात भरीला पाकीट घेतलं, की तहान, बद्धकोष्ठता, मुतखडा.

म्हणून आधी रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी) आणि दोन्ही डी, साठ्यातला आणि सक्रिय, तपासून घ्यावेत. सोबत २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम.

(दृश्य: लॅबचा प्लॅस्टिकचा कॅन.)

सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची पहिलीसुद्धा. मधली एक जरी सुटली, तरी आकडा खोटा कमी येतो.

(दृश्य: उपवन तलाव, सकाळ.)

इथलं फिरणं बंद करायचं कारण नाही. कोवळ्या उन्हात डी फारसा तयार होतच नाही, लोक काहीही म्हणोत. कॅल्शियम वाढलेलं असेल तर टाळायचं ते भर दुपारचं ऊन.

(दृश्य: हाताचा एक्स-रे.)

खुद्द हाडांत गाठी झाल्या, तर त्या बहुधा हातापायांच्या बोटांत. पेरं सुजतात, एक्स-रेत हाड जाळीदार दिसतं, सांधा बहुतेकदा शाबूत असतो. पुष्कळांना दुखतही नाही. मणक्यात किंवा कमरेच्या हाडात डाग दिसला, तर प्रश्न अवघड. एमआरआयवर तो पसरलेल्या कॅन्सरसारखाही दिसतो, आणि आपल्याकडे टीबीची शंका आधी येते. तिथे बायोप्सीला पर्याय नाही, आणि त्याच तुकड्याची टीबीसाठीही तपासणी हवी.

उरलं औषध. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडनं हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच वेगानं होते, त्यामुळे खुबा आणि कमरेच्या मणक्यांचा डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) सुरुवातीलाच करावा. स्टेरॉइडसोबत कॅल्शियम-डीची गोळी सवयीनं लिहिली जाते. इथे ती वरच्या तपासण्या पाहूनच. अ‍ॅलेन्ड्रोनेट हे झीज रोखणारं औषध ७० मिलिग्रॅम दिलं असेल, तर आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत. चहासोबत नाही. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते.

आणि स्टेरॉइड चालू असताना जांघेत दुखू लागलं, तर एक्स-रे नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नये. खुब्यातल्या मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर ते आधी एमआरआयमध्ये कळतं.