राग येतो, की माणूस रागीट असतो?

श्रोतेहो, नमस्कार.

'मला टेन्शन आलंय' असं आपण सहज म्हणतो. टेन्शन येतं, राग येतो, भीती वाटते, रडू कोसळतं. मराठीत ही सगळी पाहुणेमंडळी. आली तशी जाऊही शकतात. पण घरचे एक दिवस म्हणतात, 'ती आहेच रागीट.' झालं, पाहुणा घरमालक झाला!

ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी १९९० साली पुस्तकरूपाने मांडलेली कथनात्मक उपचारपद्धती (नॅरेटिव्ह थेरपी), म्हणजे माणूस वेगळा आणि त्याचा त्रास वेगळा असं धरून बोलणारी पद्धत, नेमकी इथे हात घालते. माणसाबद्दलचं 'ज्ञान' ठरवतं कोण, हा प्रश्न व्हाइट यांनी फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांच्या लेखनातून उचलला. 'रागीट' हे नाव ठेवताना त्या बाईला कुणी विचारलं होतं?

म्हणून समुपदेशक त्रासाला नाव द्यायला तिलाच सांगतो. ती 'डोक्यात भुणभुण' म्हणाली तर भुणभुणच. घाईने तिचं 'डिप्रेशन' केलं, की ती मान डोलावते आणि बोलायची थांबते. मग विचारायचं: भुणभुण कधी येते? तिला खतपाणी कोण घालतं? कुठल्या दिवशी आली नाही? 'असा दिवसच नाही' हे उत्तर बहुतेकदा येतं; तेव्हा दिवस सोडून तास विचारावा. जीव नकोसा वाटतो असं कळलं, तर मात्र हे बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

आता जागेचं बघा. वरळीच्या बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. तशा खोलीत सहा माणसांत राहणाऱ्या सुनेला 'रोज अर्धा तास एकट्या बसा' असा गृहपाठ दिला, तर तो होणार कसा? वर कागदावर शेरा: 'सहकार्य करत नाही.' खोली अपुरी, शिक्का सुनेवर. त्यापेक्षा लोकलमधली चौथी सीट बरी. तिथे निदान कुणी 'चहा टाक' म्हणत नाही.

पण हेच मराठी व्याकरण दगाही देतं. बायकोला मारणारा नवरा म्हणतो, 'राग आला, हात उचलला गेला.' मारणारा वाक्यातून पसार! अशा वेळी रागाला पाहुणा मानलं, तर जबाबदारीही त्याच्याबरोबर दाराबाहेर जाते. तेव्हा क्रियापद बदलून विचारायचं, आणि तेही बायको समोर नसताना, नाहीतर घरी गेल्यावर किंमत तिला मोजावी लागते. 'तुम्ही हात उचललात, तेव्हा मुलं कुठे होती? राग साहेबांचाही येतो ना? तेव्हा हात कुठे असतो?'