गजाचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो. सवाई गंधर्व महोत्सवात गायकाला सारंगीची साथ असली की आपण तिच्या सुरावर डोलतो. गज, म्हणजे तारांवर फिरवायची केसांची काठी, ओढणारा हात मात्र आपल्या लक्षातही येत नाही. आज त्या हाताबद्दल बोलायचंय, चेलोच्या, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातल्या, बसून वाजवायच्या मोठ्या वाद्याच्या निमित्ताने.

चेलोवर डावा हात स्वर शोधतो. तो स्वर आर्त लागेल, रागीट की नुसताच सपाट, हे बरंचसं उजवा हात ठरवतो. गजाचा वेग, तारेवर पडणारं हाताचं वजन आणि घोडीपासूनचं, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी पट्टीपासूनचं अंतर, एवढंच त्याचं भांडवल. घोडीजवळ सावकाश, वजन देऊन ओढा, आवाज भरीव आणि धारदार येतो. फिंगरबोर्डाकडे, म्हणजे जिथे डाव्या हाताची बोटं फिरतात त्या पट्टीकडे सरकून हलका, वेगाने फिरवा, तोच स्वर मऊ, हवेशीर होतो. नवशिका वजन सोडण्याऐवजी बोटांनी दाबतो आणि तार गुदमरते. सर्वात खालच्या सुराची जाड तार तर घाई अजिबात खपवून घेत नाही.

फ्रेंच संगीतकार सँ-साँस यांची १८८६ मधली 'हंस' ही चेलोची रचना घ्या. चाल इतकी संथ की गज पगारासारखा पुरवावा लागतो. पहिल्याच स्वरावर अर्धा उडवला, तर ओळीच्या शेवटी हात रिकामा. पण रोज सारखा खर्च केला तरी वाक्य निर्जीव वाटतं! ओळ जिथे चढते तिथे थोडी उधळपट्टी हवीच.

गजाची दिशाही बोलते. मुठीकडून टोकाकडे जाताना तारेवरचा भार आपोआप कमी होतो, म्हणून स्वर उतरतो. उलट येताना तो वाढतो. त्यामुळे समेआधीचा उठाव बहुधा उलट्या गजाने घेतात. अर्थात कसलेला वादक हे उलटंही करून दाखवतो.

जर्मन संगीतकार बाख यांच्या एकट्या चेलोसाठीच्या सहा सुइट्समध्ये, म्हणजे छोट्या रचनांच्या मालिकांमध्ये, तर गज कुठे वळवायचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यांच्या हातची प्रत उपलब्ध नाही. पत्नी आना माग्दालेना यांनी केलेली नक्कल आहे, पण किती स्वर एका गजात घ्यायचे याच्या खुणा तिच्यात नीट जुळत नाहीत, आणि इतर जुन्या प्रती वेगळंच सांगतात. म्हणून प्रत्येक वादक स्वतः ठरवतो. पहिल्या सुइटचा प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, दोन वादकांकडून लागोपाठ ऐका आणि गज कुठे वळतो, तेवढंच टिपत जा.