ब्रागातली फाडलेली पानं

मंडळी, नमस्कार. फलकावर ‘चिनी भाषेचा जगभर प्रसार आणि भारतासाठी धडे’ असं लिहिलंय. धड्यांकडे शेवटी येतो. आधी किस्सा सांगतो, त्याशिवाय मला पुढे बोलताच येत नाही.

पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक आहे. 2004 मध्ये सोलला पहिली कन्फ्युशियस इन्स्टिट्यूट, म्हणजे चीन सरकारची परदेशात चिनी शिकवणारी संस्था, निघाली आणि पंधरा वर्षांत आकडा साडेपाचशेच्या आसपास गेला. नावाचीच गंमत बघा. 1974 मध्ये ज्या कम्युनिस्ट पक्षानं या प्राचीन चिनी तत्त्ववेत्त्याच्या, कन्फ्युशियसच्या, नावानं देशभर शिमगा केला, त्याच पक्षाला तीस वर्षांनी पाटीवर लावायला तोच सापडला! (हशा) जर्मन शिकवणारं आपलं पुण्याचं मॅक्सम्युलर भवन स्वतःच्या जागेत बसतं. चीननं मात्र थेट परक्या विद्यापीठांच्या आवारात बिऱ्हाड मांडलं. शिक्षक आणि पुस्तकं त्यांची, वर पैसेही, जागा तुमची. फुकटचा शिक्षक कोणता कुलगुरू नाकारेल?

तर किस्सा. जुलै 2014, पोर्तुगालमधलं ब्रागा. युरोपातल्या चीन-अभ्यासकांची परिषद. प्रायोजकांत बीजिंगच्या हानबानची, म्हणजे या सगळ्या संस्था चालवणाऱ्या कचेरीची, एक योजना होती. आणि तैवानचं च्यांग चिंग-क्वो प्रतिष्ठानही होतं, तेही वर्षानुवर्षांचं. हानबानच्या प्रमुख शू लिन बाई आल्या, त्यांनी कार्यक्रमपत्रिका चाळली आणि तैवानचं नाव त्यांना खुपलं. वाटायच्या राहिलेल्या प्रती त्यांच्या माणसांनी उचलून नेल्या. परत आल्या तेव्हा आतली पानं फाडलेली! लग्नात आहेर करायचा आणि दुसऱ्या पाहुण्याचं नाव पत्रिकेतून काढायला लावायचं, असला प्रकार. बरं, बऱ्याच जणांना अख्खी प्रत आधीच मिळालेली. त्यामुळे पान कोणतं गेलं हे शोधायला फार विद्वत्ता लागली नाही. (हशा) या अभ्यासकांच्या संघटनेचे अध्यक्ष रॉजर ग्रेटरेक्स यांनी तीच पानं पुन्हा छापून वाटली. एरवी त्या पानाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं, ते आता सगळ्या जगानं वाचलं. आणि हे कोणासमोर केलं? आयुष्यभर चिनी शिकलेल्या, चीनवर जीव असलेल्या माणसांसमोर. त्यांना वर्गात आणायला बीजिंगनं एक युआनही खर्च केला नव्हता.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत, म्हणजे सात.

मग धडे, भरभर. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठानं आपल्या कन्फ्युशियस संस्थेचा करार वाढवला नाही. ती बंद करा, असा अर्ज शंभरावर प्राध्यापकांनी आधीच केला होता. स्टॉकहोमनंही संस्था गुंडाळली. अमेरिकेत 2018 च्या कायद्यानं संरक्षण खात्याचा पैसा की ही संस्था असा पेच विद्यापीठांपुढे टाकला आणि शंभराहून जास्त संस्था होत्या तिथे मोजक्या उरल्या. 2020 मध्ये हानबानचं नाव बदललं, पाटी एका प्रतिष्ठानाकडे गेली. माझं म्हणणं एवढंच, की भाषा शिकवणाऱ्याला तैवानबद्दलच्या साध्या प्रश्नावर गप्प बसवलंत, तर विद्यार्थी व्याकरण घेऊन जातो आणि तुमच्याबद्दलचा संशयही. पोरं चिनी शिकतच राहतील, नोकरीसाठी, शिष्यवृत्तीसाठी. ती बाजाराची ओढ आहे, ती हानबान नसतं तरी होती.

याउलट आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेले, तिथेच चिनी शिकले, 1942 मध्ये तिथेच वारले. चिनी नेते आजही भारतात आले की त्यांचं नाव काढतात. त्यांना कुठल्या खात्यानं भाषाप्रसाराला पाठवलं नव्हतं.

आता आपली गोची. 2019 च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परदेशी भाषांत चिनी होती. 2020 च्या अंतिम धोरणातून ती गायब. गलवान नुकतंच घडलं होतं, राग समजतो. पण ज्याच्याशी सीमेवर भांडण, त्याचे कागद वाचणारी माणसं जास्त लागतात की कमी? त्यांचा शिक्षक नको असेल तर आपला नेमा, पगार आपण द्या, पुस्तक आपण लिहा. शांतिनिकेतनात चीना भवन 1937 पासून आहे, सुरुवात नव्यानं करायची नाही.

तिसरा मुद्दा परदेशातल्या आपल्या हिंदी अध्यासनांचा होता. तो प्रश्नोत्तरांत विचारा, संयोजक उभे राहिलेत.