घरून आणलेलं खंडन

जानेवारीची सकाळ आहे, धुळ्यात थंडी अशी पडलीय की माइक हातात धरवत नाही, आणि कॉलेजच्या सभागृहात मागच्या रांगेतली पोरं मफलर काढायला तयार नाहीत. स्टेजवर फिरता करंडक, सरस्वतीचा फोटो, एक नारळ. आणि समोर पहिल्या रांगेत, पाण्याची बाटली आणि टेबलावरची घंटा यांच्या मधोमध बसल्यात त्या आमच्या मॅडम. नाव सांगायचं नाही ही त्यांची अट, त्यामुळे आपण पण मॅडमच म्हणू. माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांच्या घरातलं. नोकरी जळगावात झाली, आता रिटायर आहेत, आणि गॅदरिंगच्या सीझनला खान्देशात कुठे ना कुठे वादविवाद स्पर्धेच्या परीक्षक म्हणून सापडतातच.

मी पण यांच्यासमोर एकदा बोललोय. टाळ्या सगळ्यात जास्त मला पडल्या होत्या आणि नंबर आला नव्हता, उत्तेजनार्थ सुद्धा नाही. तो राग बरीच वर्षं डोक्यात होता, आणि खरं सांगायचं तर हा व्हिडिओ मी त्याच रागातून काढायला घेतला.

तर ही बघा मॅडमची वही. साधी दोनशे पानी, पण आडवी धरलेली. प्रत्येक स्पर्धकाला एक उभा रकाना, अनुकूलवाले निळ्या पेनने, प्रतिकूलवाले लाल. कुणी मुद्दा मांडला की तो दोन-तीन शब्दांत लिहायचा, पुढच्या कुणी त्याला उत्तर दिलं की त्या मुद्द्यापासून उत्तरापर्यंत बाण. उत्तर आलंच नाही तर मुद्द्याभोवती गोल. एवढंच. अमेरिकेत कॉलेज डिबेटचे परीक्षक हेच करतात, तिकडे त्याला फ्लो म्हणतात. मॅडमना हे नाव पाच-सहा वर्षांपूर्वी भाच्याकडून कळलं, तोपर्यंत त्या याला नुसतं ‘रकाने’ म्हणायच्या, आजही तेच म्हणतात.

त्याच भाच्याने त्यांना तिकडचे व्हिडिओ दाखवले. तिथली मोठी राष्ट्रीय स्पर्धा १९४७ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकॅडमीत सुरू झाली, मुख्य भाषण नऊ मिनिटांचं, उलटतपासणी तीन मिनिटांची, शेवटची खंडनाची भाषणं सहा-सहा मिनिटांची, आणि काही पोरं मिनिटाला तीनशेच्या वर शब्द फेकतात, श्वास घ्यायचा आवाज सुद्धा ऐकू येतो. मॅडम म्हणाल्या, मी तर आधी समजले की मोबाईलच बिघडला. पण त्यांना आवडलं ते वेगळंच. तिकडे परीक्षक आधीच जाहीर लिहून ठेवतो की मला काय चालतं, काय नाही, मी किती वेग झेपवू शकतो, कशावर मत देतो. टॅबरूम नावाची वेबसाइट आहे, त्यावर हे सगळं वाचायला मिळतं, आणि बऱ्याच स्पर्धांत संघ ते वाचून परीक्षकांना क्रम देतात, एखादा नकोच असेल तर कापतात सुद्धा! मॅडम हसल्या. ‘आपल्याकडे ही सोय असती ना, तर मला पोरांनी कधीच कापलं असतं.’

म्हणून आता त्या पण सांगतात. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं मागून घेतात, संयोजकांच्या चेहऱ्यावर आठ्या येतात पण घेतातच. आज काय म्हणाल्या ते तुम्हीच ऐका. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग, हे सगळं म्हणा, मार्क कापणार नाही, पण तेवढा वेळ माझं पेन हलणार नाही. बहिणाबाई म्हणा, साने गुरुजी म्हणा, शेर म्हणा, पण त्याचा मुद्द्याशी संबंध काय तेही सांगा. शेवटच्या मिनिटात नवा मुद्दा काढलात तर मी तो लिहीत नाही, कारण समोरच्याला त्यावर बोलायला वेळच उरत नाही. आणि खंडन म्हणजे समोरच्याने जे बोललंय त्याचं खंडन, घरून आणलेलं नाही.’

या शेवटच्या वाक्यावर मागे बसलेले दोन-तीन मार्गदर्शक सर एकमेकांकडे बघायला लागले. साहजिक आहे. आपल्याकडे भाषण बहुतेक वेळा सरच लिहून देतात, पोरगा आरशासमोर पाठ करतो, आणि त्यात खंडन पण आधीच लिहिलेलं असतं, ‘माझे प्रतिस्पर्धी मित्र आत्ताच म्हणाले की’. मित्र बिचारा तसं काही म्हणालेलाच नसतो. आज सकाळीच दुसऱ्या नंबरच्या स्पर्धकाने हे केलं, मॅडमनी त्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, ‘घरून’. माझ्या वेळी माझ्या रकान्यात पण हाच शब्द होता, तीन वेळा. जुनी वही त्यांच्याकडे अजून आहे, काल दाखवली मला. राग तिथेच गेला म्हणा, किंवा लाज वाटली म्हणा.

आजचा विषय, खान्देशात केळी कमी करून कमी पाण्याची पिकं घ्यावीत. इथे एका कॉलेजचे दोघं येतात, एक अनुकूल बोलतो आणि दुसरा प्रतिकूल, म्हणजे आपल्याच जोडीदाराच्या विरुद्ध. सात मिनिटं, पाचव्याला पहिली घंटा. ब्रिटिश पार्लमेंटरी नावाची वादविवादाची आणखी एक पद्धत आहे, तिच्यात पण भाषण सातच मिनिटांचं असतं, फक्त तिथे एका फेरीत चार संघ, आणि पहिलं नि शेवटचं मिनिट सोडून समोरचा मध्येच उठून प्रश्न विचारू शकतो. आपल्याकडे मध्येच कुणी उठलं तर शिपाई त्याला बाहेर काढेल.

साक्रीकडचा एक पोरगा उठला. पाठांतर नव्हतं, कागद नव्हता, आणि मुद्द्यात रंगला तसा केळीचं केयी झालं, डोळ्याचं डोया झालं. हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी मागे वळून नुसतं बघितलं. गुणपत्रकात भाषा आणि उच्चाराला पंधरा मार्क आहेत, त्यातले त्याला बारा मिळाले. त्यांचं म्हणणं, उच्चार म्हणजे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला की नाही एवढंच मी बघते, पुण्याचा ळ तपासायला मला कुणी बोलावलेलं नाही.

याच पोराने पुढे ठोकून दिलं की आपल्याकडची केळी अजून पाटाच्या पाण्यावरच भिजते, अर्धं पाणी वाया जातं, म्हणून ती परवडणारच नाही. आता केळीच्या पट्ट्यात ठिबकच्या नळ्या कुणी बघितल्या नाहीत? मॅडमच्या स्वतःच्या भावाच्या शेतात आहेत. मी कॅमेऱ्यामागून बघत होतो, आता ह्या काट मारतील. त्यांनी निळ्या पेनने लिहिलं, ‘पाट, अर्धं पाणी वाया’, आणि थांबल्या. पुढची प्रतिकूल बोलणारी मुलगी उठली, छान बोलली, रोजगाराचं बोलली, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये मिळालेल्या जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनाचं बोलली, वादळात झोपलेल्या बागांचं बोलली, पाटाबद्दल मात्र एक अक्षर नाही. नंतरचे तिघं पण त्यावरून पुढे निघून गेले. शेवटी मॅडमनी त्या मुद्द्याला गोल केला.

पोरगा दोन मार्कांनी पहिला आला.

जेवताना मी भांडलो. समोर वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, आणि मी विचारतोय की तुम्हाला खोटं आहे हे माहीत असताना मार्क दिलेच कसे. मॅडम म्हणाल्या, मी खोडायला बसले तर मग ती स्पर्धा माझी आणि त्याची होते, त्या मुलीचं काय काम राहिलं? मी म्हटलं, पण मागे एकाने तापी पूर्वेला वाहते म्हटलं ते तुम्ही खोडलंच होतं ना. ‘ते हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत असतं रे. धुळ्याच्या पोरांना केळीचं ठिबक माहीत असेलच असं कसं धरू?’ मी म्हटलं, मॅडम, इकडे कापसाला पण ठिबक असतं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, भाकरीचा तुकडा मोडला, म्हणाल्या, हां, ते खरंय. पण निकाल बदलला नाही. मला हे अजून पटलेलं नाही, आणि व्हिडिओत तसं सांगायला त्यांची काही हरकत नाही.

निघताना ती मुलगी पोर्चमध्ये थांबली होती, डोळे लाल. मॅडमनी वही उघडून तिचा रकाना दाखवला, मग शेजारचा, तो गोल.

‘कुठली गं तू बेटा?’

‘सावद्याची, मॅडम.’

‘मग घरी ठिबक नाही का?’

‘आहे ना. मला वाटलं तुम्हाला माहितीच असेल, म्हणून नाही बोलले.’

मॅडमनी वही तशीच तिच्यासमोर धरून ठेवली. मुलीने मोबाईल काढला, दोन्ही रकान्यांचा फोटो घेतला, एकदा हलला म्हणून परत घेतला. आम्हाला एरंडोलला चहाला थांबायचं होतं आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला होता.