खिडकीच्या आतली माणसं

सकाळचे पावणेदहा वाजलेत, खिडकी अजून उघडायचीये, पण बाहेर बघा, रांग लागलीसुद्धा. कुणी तालुक्याच्या गावाहून पहिली एसटी पकडून आलाय, कुणाच्या सोबत आई आहे, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट. निकालात आरआर दिसतोय, म्हणजे रिझल्ट राखून ठेवलाय, आणि पुढच्या ॲडमिशनची शेवटची तारीख परवाची आहे. ह्या पोरांना खिडकीतून एकच चेहरा दिसतो, त्याच्या मागे आम्ही बाराजण बसतो ते दिसत नाही. मी त्यातली एक, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात सहायक कुलसचिव. माझ्या वर उपकुलसचिव, त्यांच्या वर संचालक, खाली कक्ष अधिकारी, लिपिक, कंत्राटी ऑपरेटर, आणि आमचे शिपाई मामा.

आमच्याकडे सगळं एका आकड्याभोवती फिरतं, ४५. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ सांगतो की शेवटच्या पेपरनंतर ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावाच. आता ह्या ४५ दिवसांत काय काय बसतं बघा, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कॅप सेंटरला, म्हणजे मध्यवर्ती तपासणी केंद्राला जाणार, तपासणी, मॉडरेशन म्हणजे तपासलेल्यातल्या काही पुन्हा तपासणं, मार्कांची एन्ट्री, ग्रेसचे नियम, गैरहजर मुलांच्या याद्या जुळवणं, कॉलेजांकडून इंटर्नल मार्क आलेच नाहीत म्हणून फोनवर फोन, आणि नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून तर जुन्या पॅटर्नची राहिलेली मुलं आणि नव्या पॅटर्नची मुलं एकाच वेळी सांभाळायची, दोघांचे क्रेडिट वेगळे, नियम वेगळे. आणि एवढं काम वाढूनही कितीतरी टेबलं रिकामी आहेत, माणसं रिटायर झाली आणि त्या जागा भरल्याच नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरातल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, नंतर संप केला, त्यांच्या मागण्यांत ही रिक्त पदं होतीच.

आधी मी काय करायचे, वरून फोन आला की तोच फोन खाली द्यायचे. संचालक म्हणाले आज संध्याकाळपर्यंत, की मी हॉलमध्ये येऊन सगळ्यांसमोर म्हणायचे आज संध्याकाळपर्यंत. मला वाटायचं हेच माझं काम आहे.

मग एका मे महिन्यात एका ऑपरेटरच्या चुका वाढल्या. आठवड्यात तीन. ६७ चे ७६ झाले, एक गैरहजर मुलगा चक्क पास दिसायला लागला. मी मेमो टाइप करून ठेवला, सही तेवढी राहिली होती. आणि मामा पाण्याची बाटली ठेवता ठेवता म्हणाले, मॅडम, तो पोरगा हल्ली डबाच उघडत नाही.

त्याला मी केबिनमध्ये बोलवलं नाही. केबिनमध्ये तो टेबलापलीकडे उभा राहणार, "हो मॅडम, सॉरी मॅडम" करणार आणि जाणार. मीच रेकॉर्ड रूममध्ये गेले, तो जुने लेजर काढत होता, तिथेच स्टुलावर बसले. बराच वेळ बोलला नाही. मग कळलं की वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस आहे, नंबर रात्रीच्या शिफ्टला लागतो, घरी यायला एक वाजतो. मी म्हटलं अरे सांगायचंस ना. तर म्हणाला, "मॅडम, माझी अकरा महिन्यांची ऑर्डर आहे, रिन्यू व्हायच्या तोंडावर घरची अडचण कोण सांगतं?"

हे ऐकून मी हलले, खरं सांगते. मी रोज म्हणायचे माझं दार उघडं आहे, पण ज्याची नोकरी माझ्या एका शेऱ्यावर आहे तो त्या दारातून आत येणार कसा?

मेमो फाडला. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्याला एन्ट्रीवर बसवायचं नाही असं ठरवलं, त्या दिवशी आवक-जावक. आणि एन्ट्री सगळ्यांचीच जोडीने तपासायची, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टिक करायची. चूक फक्त त्याची नव्हती हो, एकटा माणूस दिवसभर मार्क टाकत बसला तर कुणाचाही डोळा चुकणारच. पण ६७ चे ७६ झालेल्या मुलीची मार्कशीट त्यालाच दुरुस्त करायला लावली, आणि त्यानेच ती खिडकीत तिच्या हातात दिली. तिथे सूट नाही, त्या कागदावर तिचं पुढचं वर्ष अवलंबून असतं.

मला वाटलं झालं, छान झालं. दोन दिवसांनी आमच्या एक सीनियर ताई आल्या, दार लोटलं आणि म्हणाल्या, "मॅडम, माझ्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर आहेत. मी कधी बोलले नाही, म्हणून त्याचं काम माझ्या टेबलावर का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याच्या चुका दिसल्या त्याच्याकडे मी गेले, आणि जी बाई घरचं सगळं आवरून वेळेत येऊन बिनचूक काम करत होती तिला साधं विचारलंसुद्धा नव्हतं.

तेव्हापासून परीक्षा सुरू व्हायच्या आधी मी प्रत्येकाला वेगवेगळं भेटून एकच गोष्ट विचारते, पुढच्या दोन महिन्यांत तुम्हाला कोणते दिवस जड जाणार आहेत? कारण विचारत नाही. सांगायचं असेल तर सांगतात, आणि कुणी सांगितलं तर त्याची परवानगी घेतल्याशिवाय दुसऱ्याला सांगत नाही. मग फळ्यावर तारखा मांडतो आणि कामं वाटतो, माझं नावसुद्धा त्यात असतं. कुणीतरी कुरकुरतंच, दोघं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, तेही आहे.

पण नुसतं आतल्या आत वाटून किती पुरणार? म्हणून मी टिपणी लिहिली, किती विषय, किती उत्तरपत्रिका, किती हात, आणि दोन ऑपरेटर मागितले. फाइल शेरा मारून परत आली, पुन्हा पाठवली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा मी स्वतः आकडे घेऊन संचालकांसमोर बसले, खाली ओरडण्यात जाणारा वेळ इथे घालवायला हवा होता हे फार उशिरा समजलं. एक ऑपरेटर मिळाला. दुसऱ्याची टिपणी परवा पुन्हा गेलीये.

साडेदहा झाले. आज बुधवार, ताई सासूबाईंना दवाखान्यात नेतात, त्यामुळे बुधवारी खिडकीत मी. पहिला मुलगा पुढे आलाय, फोल्डर उघडतोय, हात थरथरतायत त्याचे. "बस रे बाळा, पाणी पी आधी. नंबर सांग."